थांबण्याचा क्षण : अवधानविकार, तंबाखू आणि विधिसंघर्षग्रस्त तरुण

एखादी गोष्ट करावीशी वाटणे आणि ती प्रत्यक्ष करणे यांच्यामध्ये बहुतेक माणसांच्या मनात एक लहानसा थांबा असतो. त्या थांब्यात परिणामांचा विचार होतो, जुना अनुभव आठवतो, समोरच्याचा चेहरा वाचला जातो आणि पुष्कळदा हात मागे घेतला जातो. हा थांबा ज्यांच्या बाबतीत जन्मतःच तोकडा असतो, त्यांच्या वाट्याला शाळेत शिक्षा, मित्रांत भांडणे आणि घरात बोलणी अधिक येतात, सिगारेट किंवा विडी इतरांपेक्षा लवकर हाती येते, आणि त्यांतील काहींची गाठ पुढे पोलिसांशी व न्यायालयाशी पडते. मानसोपचारशास्त्र, व्यसनशास्त्र आणि गुन्हेशास्त्र ही तीन शास्त्रे या एकाच थांब्याकडे तीन दिशांनी पाहत आली असून, त्यांची निरीक्षणे जिथे एकमेकांना मिळतात आणि जिथे एकमेकांची दिशाभूल करतात, त्या जागांचा विचार या प्रकरणात केला आहे.

विकाराचे नाव आणि त्याचा इतिहास

ज्याला आज अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी, म्हटले जाते त्याची वर्णने जुनी आहेत. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कोणत्याही एका विषयावर मन स्थिर ठेवता न येण्याच्या अवस्थेची नोंद केली होती. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धीने कमी नसूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले आणि त्यांच्यात नैतिक नियंत्रणाची उणीव आहे, असे म्हटले. हा विकार वैद्यकाच्या दारात आला तेव्हापासूनच त्याच्या वर्णनात शिस्तीची आणि नीतीची भाषा मिसळलेली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण ती भाषा अद्याप पुरती वेगळी झालेली नाही. पुढे १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध वर्तनाच्या समस्या असलेल्या मुलांना दिले, तेव्हा उत्तेजक औषधाने मुले अधिक चेकाळण्याऐवजी शांत होऊन अभ्यासाला बसू लागल्याचे अनपेक्षित दृश्य दिसले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९६८, १९८० आणि १९८७ च्या आवृत्त्यांमधून नाव बदलत बदलत सध्याच्या नावापर्यंत पोहोचले.

याच पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार निदानासाठी लक्षणांचे दोन गट पाहिले जातात. पहिल्या गटात दुर्लक्ष, विसराळूपणा आणि हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे अशी नऊ लक्षणे आहेत, तर दुसऱ्या गटात चुळबुळ, एका जागी न बसवणे, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे आणि आपली पाळी येईपर्यंत न थांबणे अशी नऊ. दोहोंपैकी एका तरी गटातील सहा लक्षणे लहान मुलांमध्ये, आणि पाच लक्षणे सतरा वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींमध्ये दिसावी लागतात. ती घर, शाळा, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसणे आणि त्यांतील काहींची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधी झालेली असणे, या दोन अटी त्याहून महत्त्वाच्या आहेत. चुळबुळ कोणाचीही होऊ शकते, पण ती बालपणापासून आणि सर्वत्र असणे हे विकाराचे वैशिष्ट्य होय. जगभरातील पाहण्यांचा मेळ घालता मुलांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे पाच टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे अडीच टक्के येते, आणि जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्यातील आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे असल्याचे दिसते.

कोठडीतील मोजणी

कोठडीत ठेवलेल्या तरुणांमध्ये हेच प्रमाण कितीतरी वाढते, परंतु नेमके किती, याचे उत्तर मोजणाऱ्याच्या पट्टीवर अवलंबून राहते. जर्मनीच्या झारलांड प्रांतातील ओटवायलर येथील तरुणांच्या तुरुंगात मिखाएल रोझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२९ तरुण पुरुष कैद्यांची तपासणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात अमेरिकन निकषांनुसार ४५ टक्के कैद्यांमध्ये अवधानविकार आढळला, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे त्या काळचे अधिक कडक निकष लावले असता हाच आकडा २१.७ टक्क्यांवर उतरला. तुरुंग तोच, तरुणही तेच, आणि तरीही निकष बदलताच संख्या निम्म्याहून खाली गेली.

अनेक देशांतील पाहण्यांची गोळाबेरीज केल्यावरही ही तफावत राहतेच. सीना फाझेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली कोठडीतील सोळा हजारांहून अधिक किशोरवयीनांवरील अभ्यास एकत्र केले, तेव्हा मुलग्यांमध्ये ११.७ टक्के आणि मुलींमध्ये १८.५ टक्के असे प्रमाण आले. सुझन यंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ४२ अभ्यासांचा धांडोळा घेतला, तेव्हा तरुण कैद्यांमध्ये ते ३०.१ टक्के आणि प्रौढ कैद्यांमध्ये २६.२ टक्के ठरले. सर्वांत कमी आकडा धरला तरी तो सर्वसाधारण मुलांमधील प्रमाणाच्या दुप्पट भरतो, म्हणून या संबंधाच्या अस्तित्वाविषयी शंका उरत नाही. मात्र सर्वांत मोठा आकडा उचलून "निम्मे गुन्हेगार रुग्णच असतात" असे विधान करणे चुकीचे ठरते, आणि हा विकार असलेली बहुसंख्य मुले कायद्याच्या कचाट्यात कधीही सापडत नाहीत, ही याच चित्राची दुसरी बाजू आहे.

निकोटिन नेमके काय करते

तुरुंगांतील दुसरी ठळक गोष्ट म्हणजे धूम्रपान. इंग्लंडच्या तुरुंगांत बंदी येण्यापूर्वी सुमारे ऐंशी टक्के कैदी धूम्रपान करीत होते, आणि ज्या तुरुंगांत पैसा बाळगण्यास मनाई असे, तिथे तंबाखू हेच चलन बनून उधारी, व्याज आणि त्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या यांचा सारा व्यवहार तंबाखूच्या पुडीभोवती फिरत असे. गरिबी, अपुरे शिक्षण आणि व्यसनी मित्रमंडळ ही त्याची कारणे आहेतच. पण अवधानविकार असलेल्यांमध्ये तुरुंगाबाहेरही धूम्रपान अधिक आढळते, आणि ते केवळ परिस्थितीने समजावता येत नाही. ओव्हिड पॉमर्लो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली अमेरिकेत नोंदवल्याप्रमाणे, हा विकार असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के धूम्रपान करीत होते, तर सर्वसाधारण लोकसंख्येत ते प्रमाण २६ टक्के होते. स्कॉट कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली पंधरा हजारांहून अधिक अमेरिकन तरुणांची माहिती तपासली, तेव्हा अवधानविकाराचे एकेक लक्षण वाढत जाईल तशी नियमित धूम्रपानाची शक्यता वाढते, असे दिसून आले. निदानाची रेषा न ओलांडलेल्या तरुणांनाही हे लागू होते, आणि म्हणून हा संबंध रोगी व निरोगी अशा दोन कप्प्यांत न बसता जिन्यासारखा पायरीपायरीने चढत जातो.

यामागची यंत्रणा समजण्यासाठी मेंदूतील दोन रसायनांची ओळख करून घ्यावी लागते. कपाळामागे असलेला मेंदूचा अग्रभाग लक्ष टिकवणे, बेत आखणे आणि आवेग आवरणे ही कामे करतो, आणि त्या कामांसाठी त्याला डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनांचा योग्य पुरवठा लागतो. अवधानविकारात या पुरवठ्याची घडी विस्कटलेली असते, असे मानण्यास सबळ आधार आहे, आणि या विकारावर दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध डोपामिनचे पुनर्शोषण रोखून त्याची उपलब्धता वाढवते. धुरातून घेतलेले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तेथील ग्राहींना, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील रासायनिक कुलपांना, किल्लीसारखे लागू पडते आणि दुसऱ्या मार्गाने का होईना, डोपामिनच वाढवते. ड्यूक विद्यापीठातील एडवर्ड लेविन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अवधानविकार असलेल्या सतरा प्रौढांना निकोटिनची पट्टी लावून पाहिली, तेव्हा धूम्रपान न करणाऱ्यांच्याही लक्षणांत सुधारणा दिसली. प्रयोग छोटा होता, परंतु तंबाखूकडे वळणारा असा तरुण नकळत स्वतःवर औषधोपचारच करीत असतो, या "स्वयंचिकित्सा" नावाच्या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

याला विलंबाची नावड या दुसऱ्या गुणाची जोड मिळते. उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आत्ताचा लहान लाभ अधिक मोलाचा वाटणे ही माणसाची सर्वसाधारण प्रवृत्ती असली, तरी अवधानविकारात ती फार तीव्र असते. ज्या पदार्थाचे बक्षीस काही सेकंदांत मिळते आणि शिक्षा तीस वर्षांनी, तो पदार्थ अशा मेंदूसाठी जणू बेतून घडवलेला आहे.

तलफ आणि तिचा मुखवटा

स्वयंचिकित्सेची कल्पना आकर्षक असली तरी तिच्यात एक मोठी फट आहे. शरीरातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि नियमित सेवन करणाऱ्याला त्यानंतर तलफ येऊ लागते. चिडचिड, अस्वस्थता, मन एकाग्र न होणे, झोप बिघडणे ही त्या तलफेची मान्यताप्राप्त लक्षणे आहेत. तंबाखू पूर्ण बंद केल्यास ती पहिल्या आठवड्यात सर्वाधिक जाणवतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. अवधानविकाराच्या यादीशी ही यादी ताडून पाहिली, तर दोन्ही एकमेकींच्या सावल्या वाटतात. एक झुरका मारताच चित्त ठिकाणावर येते, हा धूम्रपान करणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो, पण पुष्कळदा तो झुरका आधीच्या झुरक्याने निर्माण केलेली उणीव भरून काढत असतो. कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा प्रकार असतो. अवधानविकार असलेल्यांमध्ये मूळची उणीव आणि तलफेची उणीव एकावर एक चढतात, त्यामुळे तंबाखू सोडणे त्यांना इतरांपेक्षा जड जाते.

कोठडीच्या संदर्भात या साम्याला विशेष महत्त्व येते. नव्याने आणलेला तरुण जर पाच-सात वर्षे तंबाखूच्या सवयीत असेल आणि दाराशीच ती सवय तोडली गेली असेल, तर पहिल्या पंधरवड्यात जो चुळबुळ्या, तापट आणि एकही सूचना पुरती न ऐकणारा मुलगा अधिकाऱ्यांना दिसतो, तो त्याच्या नेहमीच्या स्वभावाचा कितपत प्रतिनिधी आहे, हे सांगणे कठीण असते. अशा वेळी केलेल्या चाचणीत तलफ ही विकार म्हणून नोंदली जाऊ शकते. याच्या उलट, रोज वीस सिगारेटी ओढून कसाबसा सावरलेला तरुण तपासला, तर खरा विकार झाकलेला राहू शकतो. न्यूझीलंडने १ जुलै २०११ पासून, तर स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ पासून तुरुंगांत धूम्रपानबंदी लागू केली, आणि इंग्लंड व वेल्समध्येही ती २०१८ पर्यंत पूर्ण झाली. आरोग्याच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, मात्र त्यामुळे प्रवेशानंतरचे पहिले आठवडे निदानासाठी अधिकच निसरडे झाले.

कारण की खूण

येथे साहजिकच प्रश्न उद्भवतो की, यांतील कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीचे कारण आहे. गर्भारपणी आईने केलेल्या धूम्रपानामुळे मुलाला अवधानविकार होतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. अनिता थापर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेल्या मुलांचा अभ्यास केला, ज्यात काही मुले वाढवणाऱ्या आईच्या स्वतःच्या बीजापासून जन्मलेली होती, तर काही दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजापासून. आईचे धूम्रपान आणि मुलातील लक्षणे यांचा संबंध आनुवंशिक नाते असलेल्या जोड्यांमध्येच ठळक आढळला. आईला धूम्रपानाकडे आणि मुलाला चंचलतेकडे नेणारा वारसा बऱ्याच अंशी एकच असावा, असा त्याचा अर्थ निघतो. गर्भारपणातील धूम्रपानाने बाळाच्या वजनावर व आरोग्यावर होणारे इतर दुष्परिणाम यामुळे कमी ठरत नाहीत.

गुन्ह्याच्या बाबतीतही असाच एक मधला दुवा आहे. आचरणविकार, म्हणजे चोरी, मारामारी, मालमत्तेची नासधूस आणि इतरांचे हक्क पायदळी तुडवणे हे वर्तन बालपणापासून वारंवार दिसणे, हा अवधानविकाराच्या जोडीने पुष्कळदा आढळतो, आणि कायद्याशी होणाऱ्या संघर्षाचा मोठा भाग या जोडीतूनच येतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या एक हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने या साखळीवर चांगला प्रकाश टाकला आहे. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, बालपणातील आत्मनियंत्रण जितके कमी, तितकी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत आजारपण, आर्थिक ओढाताण आणि गुन्ह्यांत दोषी ठरणे यांची शक्यता अधिक, आणि बुद्धिमत्ता व घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकतो. पंधराव्या वर्षाच्या आत धूम्रपान सुरू करणे, शाळा अर्धवट सोडणे आणि किशोरवयात अनपेक्षितपणे पालक होणे, या तीन गोष्टींना संशोधकांनी फासे म्हटले. कमी आत्मनियंत्रण असलेली मुले या फाशांत अधिक अडकत, आणि पुढील आयुष्यातील नुकसानीचा काही भाग या अडकण्यातूनच येत असे. सिगारेट ओढणारा मुलगा गुन्हेगार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. लहान वयात लागलेली तंबाखूची सवय ही त्याच्या थांबण्याच्या शक्तीविषयी काही सांगणारी खूण आहे, आणि ती फार लवकर, पहिल्या गुन्ह्याच्याही आधी, दिसू लागते.

औषधाची पोहोच

विकार ओळखला तर औषध देऊन गुन्हे कमी होतील काय, या प्रश्नावर स्वीडनमधून आशादायक उत्तर आले. पॉल लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तेथील राष्ट्रीय नोंदवह्यांमधून अवधानविकाराचे निदान झालेल्या २५,६५६ व्यक्तींची २००६ ते २००९ या काळातील माहिती तपासली आणि प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्याशीच केली, म्हणजे औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ शेजारी ठेवून पाहिला. औषध चालू असताना पुरुषांमधील गुन्ह्यांचे प्रमाण ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांमधील ४१ टक्क्यांनी कमी होते. त्याच देशातील नॉरटेलिये येथील तुरुंगात तीस प्रौढ कैद्यांवर झालेल्या नियंत्रित प्रयोगातही मेथिलफेनिडेटने लक्षणे स्पष्टपणे घटली.

परंतु फिलिप ॲशरसन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड व स्कॉटलंडमधील तुरुंगांत १६ ते २५ वयाच्या दोनशे तरुणांवर असाच, पण अधिक मोठा प्रयोग केला, तेव्हा आठ आठवड्यांनंतर खरे औषध घेणारे आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बालपणीचे आघात, इतर व्यसने, मानसिक विकारांची गुंतागुंत आणि तुरुंगातील रोजचा ताण यांनी वेढलेल्या तरुणाच्या अस्वस्थतेला एकच कारण नसते, म्हणून एकच गोळी तिथे पुरी पडत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण करता येते. तंबाखूबाबतही असेच घडले. अवधानविकार असलेल्या २५५ धूम्रपान करणाऱ्या प्रौढांना निकोटिनच्या पट्टीबरोबर मेथिलफेनिडेट दिल्यावर त्यांची चंचलता कमी झाली, पण धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण औषधाच्या गटात ४३.३ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ४२.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. बालपणी नियमित उपचार मिळालेली मुले पुढे धूम्रपानाकडे कमी वळतात, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सुचवतात. सवय जडण्याआधी मिळालेली मदत ती जडल्यानंतरच्या मदतीपेक्षा अधिक फळते, एवढे यावरून म्हणता येते.

तुरुंगातील धूम्रपानबंदीने काय साधते, तेही येथेच पाहावे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या धूम्रपानमुक्त तुरुंगात सुटकेच्या आधी ज्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका मिळाल्या, त्यांच्यापैकी सुटकेनंतर तीन आठवड्यांनी २५ टक्के तंबाखूपासून दूर होते, तर नुसती माहितीची चित्रफीत पाहिलेल्यांपैकी केवळ ७ टक्के. सक्तीने तंबाखू तुटली तरी सवय फाटकाबाहेर वाट पाहत उभी असते, आणि थांबायला शिकवल्याशिवाय तिला ओलांडून जाणे बहुतेकांना जमत नाही.

महाराष्ट्रातील कागदपत्रे आणि तीन तारखा

भारतात २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी "विधिसंघर्षग्रस्त बालक" ही संज्ञा वापरली आहे, आणि "बालगुन्हेगार" हा शिक्का कायद्याच्या भाषेतून दूर ठेवला आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास याच अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि विडी ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी दहाव्या वाढदिवसाच्या आत सुरुवात केली होती. त्यातच महाराष्ट्राची सवय वेगळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, परंतु त्यांतील बहुतेकांची तंबाखू धुरातून न जाता मळून, चघळून किंवा हिरड्यांना लावून शरीरात जात होती. मिसरी, मावा, खर्रा आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा यांतून निकोटिनच पोटात जाते. "सिगारेट ओढतोस का?" या पाश्चात्त्य प्रश्नावलीतील प्रश्नाला येथील मुलगा प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, आणि खूण नोंदवायची राहून जाईल.

मुलाला बाल न्याय मंडळासमोर प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या देखरेखीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, त्याच्या घरचा, शाळेचा व संगतीचा सामाजिक अन्वेषण अहवाल सादर करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास कलम १५ नुसार त्याच्या मानसिक क्षमतेचे आणि परिणाम समजण्याच्या शक्तीचे प्राथमिक मूल्यांकनही केले जाते. अहवालाचे पंधरा दिवस आणि तलफेचे सर्वांत कठीण दिवस एकाच वेळी येतात, त्यामुळे निरीक्षणगृहात दिसलेले वर्तन जसेच्या तसे स्वभाव म्हणून नोंदले जाण्याचा धोका येथेही आहे. त्यावर खर्चिक उपाय लागत नाही. अस्वस्थपणाविषयी आईची किंवा शिक्षकांची पहिली तक्रार मूल कितव्या वर्षात असताना आली, तंबाखू कोणत्याही रूपात पहिल्यांदा तोंडात कधी गेली आणि शेवटची कधी, या तीन तारखा अहवालात असल्या, की बालपणापासूनचा विकार कोणता आणि पंधरवड्याची तलफ कोणती, हे वेगळे करण्यास मानसतज्ज्ञाला आधार मिळतो, आणि शंका उरल्यास महिन्याभराने पुन्हा तपासणी करता येते. गुन्ह्याची आणि अटकेची तारीख प्रत्येक कागदावर असते. त्या दोन तारखांवरून मुलाने काय केले ते कळते. थांबणे त्याला किती अवघड जात होते, हे कळायचे असेल तर उरलेल्या तीन तारखा विचाराव्या लागतात.